मारुतीकडचा कठडा

प्रतिभा बोरस्तेच्या नाकावर राग असतो, असं नाशकातल्या अंबडच्या त्या कारखान्यात सगळेच म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. चहा गार मिळाला तरी ती चिडायची. पाथर्डी फाट्यावर कुणी उलट्या दिशेनं गाडी दामटली तरी चिडायची. आणि "मॅडमचं काय, बसल्या जागी रंगीत चित्रं काढायची" असं कुणी म्हणालं, की त्या माणसाची खैर नसायची. पण राग येणं वेगळं आणि रागाला कारण असणं वेगळं. तिच्या बहुतेक रागांना कारण असायचं, फक्त ते ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसायचा.

ही चित्रं म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. त्या कारखान्यात काचधाग्यांच्या चादरी एकावर एक रचतात, मध्ये रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, भरतात, दाबतात, आणि त्यातून फळ्या नि तुळया निघतात. लोखंडापेक्षा हलक्या, गंजायचं नाव नाही. पण फळी कारखान्यात बनायच्या आधी ती प्रतिभाच्या संगणकात बनते. कुठला धागा कुठल्या दिशेनं जातो, थर कुठं जाड आहे, चिकटण कुठं कच्ची राहील, हे सगळं ती आकड्यांत मांडते. मग त्यावर खोटं वजन टाकते, खोटं ऊन आणि खोटा वारा सोडते, आणि कुठं मोडतंय ते बघत बसते. जिथं मोडायला येतं तिथं चित्र लाल होतं. खरी वस्तू मोडू नये म्हणून खोटी वस्तू पुन्हा पुन्हा मोडायची, हा तिचा धंदा. घरी आई विचारायची, "आज काय मोडलं गं?" आणि ती जेवता जेवता सांगायची.

आई म्हणजे लंकाबाई. मूळच्या निफाडकडच्या, नवरा गेल्यावर पोरीला घेऊन पंचवटीत आल्या आणि गंगेच्या काठावर भाजी विकायला बसल्या. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. मेथी, कोथिंबीर, शेपू यांच्या जुड्या विकून त्यांनी पोरीला इंजिनिअर केली. पोरीला नोकरी लागली तरी त्यांनी काठ सोडला नाही. घरी बसून काय भिंतींना भाव सांगू का, असं म्हणायच्या.

दोन वर्षांपूर्वी कारखान्याला एका पादचारी पुलाचं काम मिळालं. गंगेवर, पंचवटीच्या बाजूनं पलीकडे जायला. कारखान्याचे मालक शेखर देवरे, ज्यांना सगळे शेखर सर म्हणत, त्या दिवसापासून जमिनीवरून चालेनासे झाले. कारण हा नुसता पूल नव्हता. काचधाग्यांच्या थरांत त्यांनी कार्बनच्या बारीक दोऱ्या घालायचं ठरवलं होतं. पुलावर वजन आलं की त्या दोऱ्या किंचित ताणल्या जातात, ताणल्या की त्यांच्यातून जाणारी वीज बदलते, आणि त्या बदलावरून पूल स्वतःच सांगतो की आता माझ्यावर किती ओझं आहे. खांबावर दिवा. ओझं सोसतंय तोवर हिरवा, जास्त झालं की लाल, आणि सोबत भोंगा. एकाच फळीनं भारही वाहायचा आणि खबरही द्यायची. शेखर सरांनी त्याला नाव दिलं, बोलणारा पूल. सभासमारंभात ते हे नाव इतक्यांदा घ्यायचे की पूल एखादे वेळी खरंच तोंड उघडून त्यांना गप्प बसवील असं वाटायचं.

ही कल्पना चांगली होती, हे प्रतिभाही मान्य करायची. दिव्याची पेटी तिनं स्वतः उभं राहून बसवून घेतली. पुलाचं गणित मात्र रविराजकडे होतं. रविराज तिच्या हाताखाली शिकलेला, कामाला चोख, आणि सरांच्या शब्दाबाहेर न जाणारा. गणित झालं, चित्र हिरवंगार आलं, पूल उभा राहिला. आता उद्घाटन तेवढं बाकी होतं.

त्याच दिवसांत गंगेला पहिला पूर आला. वर धरणातून पाणी सोडलं होतं. अशा वेळी काठावरच्या भाजीवाल्यांची पळापळ होते म्हणून प्रतिभा आईचा माल उचलायला गेली, तर आई जागेवर नव्हती. ती जुन्या पुलावर सापडली, कठड्याला रेलून उभी. पुलावर ही गर्दी. पुढं नदीत दुतोंड्या मारुतीची मूर्ती, आणि पाणी मारुतीच्या कुठवर आलं हे बघायला अर्धं नाशिक लोटलेलं. नाशिककराला पूर फुटांत किंवा मीटरांत कळत नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं म्हणजे साधा पूर, कमरेला आलं म्हणजे दुकानं आवरा, छातीला आलं म्हणजे आता काही खरं नाही. पोरंबाळं खांद्यावर घेऊन, कामधंदा टाकून लोक मारुती बघायला येतात. पिढ्यान्‌पिढ्या येतात.

"कमरंला टेकलं बघ," लंकाबाई म्हणाल्या.

प्रतिभानं बघितलं नाही. ती मागं बघत होती. मागचा कठडा रिकामा होता. एकसुद्धा माणूस तिकडं उभा नव्हता, कारण तिकडून मारुती दिसतच नाही. सगळा पूल या एका कडेला दाटलेला आणि दुसरी कडा मोकळी, झाडून घेतल्यासारखी. नव्या पुलावरूनही मारुती असाच एकाच बाजूनं दिसणार होता.

आईचा माल रिक्षात टाकून ती तशीच ओल्या कपड्यांनी अंबडला गेली आणि पुलाचं गणित उघडलं. पूल अर्धाच होता.

या धंद्यात ही सगळ्यांची सवय आहे. वस्तू डावीकडं उजवीकडं सारखी असली की अर्धीच मांडायची आणि संगणकाला सांगायचं, उरलेली अर्धी आरशात बघितल्यासारखी धर. वेळ निम्मा लागतो. यात लबाडी नाही, पुस्तकातही हेच शिकवतात. मात्र वस्तू सारखी असून भागत नाही, वजनही दोन्हीकडं सारखं पडावं लागतं. अर्धा पूल मांडला की या कडेला माणसं ठेवली तर आरशात त्या कडेलाही माणसं उभी राहतात. एक कडा भरलेली आणि एक रिकामी, असं त्या गणितात होऊच शकत नाही. म्हणजे पूल पिळला जाईल का, हा प्रश्न त्या संगणकाला कुणी विचारलाच नव्हता. नाशकात जन्मलेल्या, नाशकात वाढलेल्या, लहानपणी बापाच्या खांद्यावरून मारुती बघितलेल्या माणसांनी नाशकासाठी पूल मांडला आणि त्याच्यावर कागदी माणसं समान अंतरावर उभी केली. आणि ही अर्ध्याची युक्ती रविराजला शिकवली होती ती प्रतिभानंच. त्यामुळं तिचा राग दुप्पट झाला.

तिनं पूर्ण पूल मांडला. सगळी माणसं मारुतीकडच्या कडेला उभी केली. संगणक दोन दिवस घरघरत राहिला आणि मग चित्र आलं. फळी जिथं कडेच्या तुळईला चिकटते तिथं पूर्ण लांबीभर लाल. लोखंड मोडायच्या आधी वाकतं, माणसाला दिसतं. हे थर तसे नसतात. आतल्या आत एकेक पदर सुटत जातो, वरून रंग शाबूत, आणि शेवटी सगळं एकदम हातात येतं. त्याहून वाईट गोष्ट तिला चित्राच्या मधोमध दिसली. अर्ध्या गणितानं सांगितलं होतं की सगळ्यांत जास्त ताण मधल्या रेषेवर येतो, म्हणून कार्बनच्या दोऱ्या फक्त मधल्या रेषेत घातल्या होत्या. माणसं एका कडेला गेली की मधल्या रेषेला वाटणार, आज पूल अर्धाच भरलाय, काही चिंता नाही. कडा सुटत जाणार आणि दिवा हिरवाच राहणार. बोलणारा पूल म्हणे. बोलायची वेळ येईल तेव्हा हा मुका.

शेखर सरांनी चित्र बघितलं, चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की अर्धं मांडायची पद्धत जगभर मान्य आहे, तज्ज्ञांनी तपासून सही केलेली आहे, आणि सुरक्षेसाठी वाढीव ताकद धरलेलीच असते. ती म्हणाली, ती वाढीव ताकदसुद्धा या पिळात संपते, हे काय खाली लिहिलंय. सर म्हणाले, एवढी सगळी माणसं एकाच कडेला कशाला उभी राहतील?

हा प्रश्न ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सरांचं घर नाशकातच, गंगापूर रोडला. दर पुरात ते स्वतः मारुतीचा फोटो काढून कारखान्याच्या ग्रुपवर टाकायचे.

"सर, तुम्ही कुठल्या कठड्यावरून फोटो काढता?" तिनं विचारलं.

सरांनी विषय बदलला. आपण एक पाटी लावू, कृपया एका बाजूस गर्दी करू नये, असा तोडगा त्यांनी काढला. पाटी वाचून नाशिककर मारुतीकडं पाठ करून उभे राहतील, हे ज्याला खरं वाटतं त्याच्यापुढं काय बोलायचं? गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. कडेच्या दोऱ्या आता घालता येतील, तुळईला बाहेरून पट्ट्या मारता येतील, पावसाळा संपेपर्यंत पूल बंद ठेवा, एवढंच ती मागत होती. सरांना उद्घाटनाची तारीख दिसत होती. काम ज्यांनी दिलं त्या कार्यालयातल्या गायधनी साहेबांना तिनं फोन केला. त्यांनी अत्यंत सभ्यपणे सांगितलं की तुमच्या कारखान्याचं म्हणणं तुमच्या मालकांकडून आलं तरच त्यांना ऐकता येईल. रविराजला म्हणाली, तू तरी बोल. तो मान खाली घालून म्हणाला की सर बघतील काय ते. आठ दिवस ती कारखान्यात ज्याच्या त्याच्याशी भांडली, आणि आठ दिवस सगळे एकमेकांकडं बघून हसले. मॅडम पुन्हा चिडल्या, झालं. आधी गार चहावरून चिडणाऱ्या बाईचा राग पुलावरून चिडली तेव्हा कुणाला वेगळा वाटला नाही, आणि ही गोष्ट तिला सगळ्यांत जास्त झोंबली.

उद्घाटन झालं. फित कापली, पेढे वाटले, हिरवा दिवा लागला. प्रतिभानं आईला बजावून सांगितलं, त्या पुलावर जायचं नाही, पुरात तर मुळीच नाही. लंकाबाईंनी हो म्हटलं. काठावरच्या बायका घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला हो म्हणतात तसं.

पंधरवड्यानं धरणातून पुन्हा पाणी सुटलं. दुपारची वेळ. ग्रुपवर मारुतीचे फोटो येऊ लागले, आणि ते फोटो नव्या पुलावरून काढलेले होते. जुन्या पुलापेक्षा मारुती जवळ दिसत होता. प्रतिभानं आईला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. ती कामावरून उठली, कुणाला न विचारता गाडी काढली, आणि पंचवटीत पोचेस्तोवर वाटेतल्या प्रत्येक रिक्षावाल्याला शिव्या घालत आली.

नवा पूल तिनं संगणकात बघितला होता तसाच दिसत होता. एक कडा माणसांनी गच्च, एक कडा रिकामी. पाटी लावलेली होती, तिला टेकून एक जण भुईमुगाच्या शेंगा विकत होता. खांबावरचा दिवा हिरवा. आणि कठड्याला, बरोबर मधोमध, तिची आई. शेजारच्या बायांना हात करून काहीतरी दाखवत होती. पुलाच्या तोंडाशी शेखर सर आणि गायधनी साहेब छत्रीखाली उभे होते, सर दिव्याकडं बोट करून समजावत होते.

प्रतिभा ओरडली. मागं व्हा, कड सोडा, मधून चाला, असं घसा फुटेस्तोवर ओरडली. काही जणांनी वळून बघितलं. एक जण म्हणाला, "ताई, हिरवा हे ना दिवा." दुसरा हसला. लंकाबाईंनी तिला बघितलं आणि अभिमानानं हात हलवला.

"माझ्या पोरीनंच बसवलाय तो दिवा," त्या शेजारणीला मोठ्यांदा सांगत होत्या. "लाल झाल्याबिगर काय व्हत नाय."

ते ऐकून प्रतिभाला रडू आलं असतं, पण रडायला रागानं जागा ठेवली नव्हती. ती खांबाजवळच्या पेटीकडं गेली. किल्ली तिच्याकडं होतीच. सर हाक मारत होते, तिनं लक्ष दिलं नाही. आधी तिनं भोंग्याची वायर काढून टाकली, कारण भोंगा वाजला की लोक पळतात, आणि पळत्या पायांचे धक्के त्या कडेला सोसले नसते. मग मधल्या दोऱ्यांची वायर हातात घेतली आणि कापली. दोरी तुटली की वीज थांबते, आणि वीज थांबली की पेटीला वाटतं पुलाचा कणा मोडला. दिवा लाल झाला.

लाल दिवा बघून पुलावर नेमलेल्या पहारेकऱ्यानं शिट्टी मारली. त्याला तसंच शिकवलेलं होतं. लोकांनी दिवा बघितला, मारुतीला एकदा हात जोडले, आणि कुरकुरत, एकमेकांना वाट देत दोन्ही तोंडांनी उतरू लागले. बाईचं ऐकलं नाही, दिव्याचं ऐकलं. पोरांना खांद्यावरून उतरवून माणसं गेली, शेंगावाला गेला, सगळ्यांत शेवटी लंकाबाई आल्या, आणि पूल रिकामा झाला.

मग शेखर सर बोलले, आणि बरंच बोलले. सार्वजनिक मालमत्तेची नासधूस, कारखान्याची बदनामी, पोलिसांत तक्रार, नोकरी तर गेलीच असं समजा. प्रतिभानं त्यांना बोलू दिलं. ती गुडघ्यांवर बसून कडेच्या तुळईखाली मोबाईलचा उजेड पाडत होती. फळी आणि तुळई जिथं चिकटतात तिथं रेझिन दुधासारखं पांढरं पडलं होतं, हातभर लांब. आतले पदर सुटले की बाहेर असं पांढरं दिसतं. तिनं गायधनी साहेबांना वाकून बघायला लावलं. साहेब पँट सावरत वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.

"रंगाचा टवका उडालाय," शेखर सर म्हणाले. "संध्याकाळपर्यंत हात मारून घेतो."

प्रतिभा उठली. तिचे गुडघे चिखलानं भरले होते आणि आवाज, इतक्या ओरडण्यानंतर, अगदी खाली आला होता.

"सर, मग चला," ती म्हणाली. "तुम्ही आणि मी. फक्त दोघं. मारुतीकडच्या कठड्याला मधोमध जाऊन उभे राहू. साहेब इथून बघतील."

दोघांच्या वजनानं त्या पुलाला काही म्हणता काही झालं नसतं. वीस माणसं उभी केली असती तरी झालं नसतं. हे तिला पक्कं माहीत होतं, कारण ते गणित तिनं मांडलेलं होतं. शेखर सरांनी ते गणित कधी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. ते पुलाकडं बघत उभे राहिले. काठावर थांबलेले लोक त्यांच्याकडं बघत होते, लंकाबाई बघत होत्या, गायधनी साहेबही बघत होते. सरांनी एकदा घसा खाकरला. छत्री या हातातून त्या हातात घेतली. पुढं मात्र पाऊल टाकलं नाही.

गायधनी साहेबांनी पहारेकऱ्याला दोन्ही तोंडांना कुलपं लावायला सांगितलं.

आता सगळं संपलं, पूल बंद झाला, माणसं वाचली, तेव्हा प्रतिभाचा राग उतरायला हवा होता. तो उतरला नाही, उलट तिला पहिल्यांदा नीट कळला. इतके दिवस तिला वाटत होतं की या माणसाला समजत नाही, आणि न समजणाऱ्यावर किती चिडायचं याला हद्द असते. तो भ्याला होता, म्हणजे त्याला समजत होतं. तिनं चित्र टेबलावर ठेवलं त्या दिवसापासून समजत होतं. आठ वर्षं तिनं त्याला सर म्हटलं होतं, त्याच्या पुढ्यात कधी खुर्ची ओढून बसली नव्हती. ती त्याच्या अगदी जवळ गेली.

"तुला पाय टाकवत नाही," ती म्हणाली, "मग माझ्या आईला कशाला उभी केलीस तिथं?"